एका तासाचा घोळ

मार्च 1996मध्ये पामचा पहिला ‘पायलट’ हा हँडहेल्ड, म्हणजे हातात मावणारा संगणक, बाजारात आला, तेव्हा त्याच्या ‘डेटबुक’ या कॅलेंडरमधली नोंद कागदी डायरीतल्यासारखीच होती: तारीख, तास, मिनिट. ती वेळ कुठल्या गावची, हे लिहायला तिथे जागाच नव्हती. टेबलावरच्या संगणकात पुढे आलेलं मायक्रोसॉफ्टचं आउटलुक मात्र भेटीची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, बदलून ठेवी आणि दाखवताना विंडोजच्या टाइम झोनप्रमाणे पुन्हा फिरवी. हॉटसिंक करताना, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी जुळवताना, हे दोन हिशेब जुळले नाहीत, की दहाची भेट अकरावर जाई. मध्यरात्र ते मध्यरात्र धरलेला वाढदिवस आदल्या रात्री अकरालाच सुरू होऊन दोन दिवसांवर पसरे. लोक घड्याळ तपासत, तर ते बरोबरच असे. माझ्या मते दोष घड्याळाचा नव्हता, नोंदीचा होता. माणसाच्या मनात वेळेसोबत ठिकाणही असतं. नोंदीत ते उतरलंच नव्हतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा 2007चा. अमेरिकेच्या 2005च्या ऊर्जा धोरण कायद्यामुळे त्या वर्षी उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे नेण्याची पद्धत) 1 एप्रिलऐवजी 11 मार्चलाच सुरू झाली. मधल्या तीन आठवड्यांतल्या, आधीच नोंदवलेल्या भेटींचा यूटीसी आकडा जुन्या नियमाने काढलेला होता. विंडोजला नवा नियम कळताच त्या तासाभराने पुढे सरकल्या. पामवर वेळ दहाच राहिली होती, पण ‘संगणकाची प्रत हँडहेल्डवर चढवा’ हा नेहमीचा उपाय केला, की शाबूत नोंदही बिघडे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीचं साधन दिलं, तरी एखादी भेट नव्या नियमाआधी नोंदवली की नंतर, हे ओळखणं अवघडच होतं. भेटीच्या शीर्षकातच वेळ लिहा, असा सल्ला तेव्हा दिला जाई. यंत्राने गमावलेली माहिती माणसाने हाताने पुन्हा भरायची, असाच त्याचा अर्थ.

सगळं यूटीसीत ठेवणंच शास्त्रशुद्ध, असं कुणी म्हणेल. घडून गेलेल्या गोष्टींपुरतं ते मला मान्य आहे. पण दंतवैद्याने दिलेली पुढच्या महिन्यातली दहाची वेळ सरकारने नियम बदलला तरी दहाचीच राहते. मग पामचा साधेपणाच बरा होता का? तोही अपुरा. न्यूयॉर्कची सकाळी दहाची बैठक पुण्यात हिवाळ्यात रात्री साडेआठला पडते आणि उन्हाळ्यात साडेसातला, इथलं घड्याळ जराही न हलता. म्हणून स्थानिक वेळ आणि तिचं ठिकाण, दोन्ही जपायचं आणि रूपांतर शेवटी करायचं. 1998च्या आयकॅलेंडर या कॅलेंडर-नोंदींच्या मानकात अशा नोंदीची सोय होती, म्हणजे 2007च्या गोंधळाच्या नऊ वर्षं आधी.