वासोट्याला जाताना ताई तेलिणीची आठवण ठेवा



दिवाळी झाली की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. यंदा बऱ्याच जणींनी वासोट्याचं नाव घेतलंय. तर निघण्याआधी त्या मुलखाची ओळख करून घेऊ.

आपलं मेढा वेण्णेकाठी. पश्चिमेचे डोंगर ओलांडले की कोयनेचं खोरं लागतं. तिथे आता शिवसागर जलाशय आहे. बामणोलीला वन विभागाची परवानगी काढायची, लाँचमध्ये बसायचं, पाणी पार करायचं आणि मग दाट रानातली चढण चढायची. किल्ला अभयारण्यात असल्यामुळे दिवस मावळायच्या आत परतावं लागतं.

शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, त्यानंतर वासोटाही स्वराज्यात आला. व्याघ्रगड हे त्याचं दुसरं नाव. पण आपण बायकांनी लक्षात ठेवायचं ते ताई तेलिणीला. औंधचे पंत प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास यांची ती साथीदार. पेशव्यांनी पंतांना मसूरला कैदेत ठेवलं, तेव्हा १८०६ च्या सुमाराला तिने माणसं जमवून त्यांना सोडवलं. पुढे पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांनी पंतांना लढाईत जखमी करून पुन्हा पकडलं. तरी ताई हटली नाही. वासोटा तिने जवळजवळ आठ महिने लढवला. शेवटी आगीत धान्याचा साठा जळाला, तेव्हाच गड खाली करावा लागला. घरातलं धान्य संपणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

दुसरी आठवण पाण्याखालची. १९६० च्या दशकात कोयना धरण पुरं झालं. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले, पण खोऱ्यातल्या हजारो कुटुंबांची घरं आणि भातखाचरं बुडाली. कुणी रायगड-ठाण्याकडे गेलं, कुणी सोलापूरकडे. जी गावं काठावर वर सरकली, तिथे आजारी माणूस किंवा अडलेली बाळंतीण लाँचमधूनच न्यायची वेळ अनेकदा आली. आपण हौसेने फिरतो, ती त्यांची रोजची वाट आहे.

म्हणून लाँचमध्ये गाणी जरूर म्हणा, पण पाण्याखाली कुठलं गाव आहे, हे नावाड्याला विचारा. जेवण तिथल्याच बायकांकडून घ्या. प्लॅस्टिक मात्र परत आणा. आणि गडावर पोचलात की लेकींना ताई तेलिणीची गोष्ट सांगा.