तिरंग्यातला केशरी कुणाचा?



स्वातंत्र्यदिन आणि गणेशोत्सव हे दोन्ही दिवस जवळजवळ येतात. म्हणून या स्मरणिकेत राष्ट्रध्वजाच्या रंगांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. तिरंग्याच्या रंगांचा अर्थ काय, असे मुलांना विचारले तर दोन प्रकारची उत्तरे मिळतात. शाळेत पाठ केलेले उत्तर असे की केशरी म्हणजे त्याग आणि शौर्य, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे समृद्धी. दुसरे उत्तर मोठ्यांकडून कानावर पडलेले असते. त्यात केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा असतो. आपल्या तंजावरी मराठी घरांत त्याला आणखी एक पुरवणी जोडली जाते. वरचा पट्टा म्हणजे आपलाच भगवा, सतराव्या शतकात एकोजी राजांबरोबर इकडे आला तोच, असे आपण अभिमानाने सांगतो.

यातले खरे कोणते? हा प्रश्न साधा वाटतो, पण मंडळाच्या मांडवात बसलेल्या मुलाला आपण जे सांगू, तेच तो आपल्या वर्गातल्या अब्दुलला आणि अँथनीला सांगणार आहे. म्हणून उत्तर नीट तपासून दिलेले बरे.

रंगाला अर्थ देतो कोण?

मी रेल्वेत नोकरी करतो, म्हणून आधी आमच्याकडचे उदाहरण देतो. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण हे काही निसर्गाने ठरवलेले नाही. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात रात्री पांढरा दिवा म्हणजे 'रस्ता मोकळा' आणि हिरवा म्हणजे 'सावकाश' असा नियम होता. पण लाल काच फुटली तर आतला दिवा पांढराच दिसणार, म्हणजे थांबायच्या जागी ड्रायव्हर गाडी सरळ पुढे नेणार. गावातले साधे दिवेही पांढरेच. हा धोका लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नियम बदलला आणि हिरव्याला 'मोकळा' हा अर्थ मिळाला. रंग तोच राहिला, अर्थ मात्र बदलला. तो नियमपुस्तकात लिहिला गेला आणि सगळ्यांनी मान्य केला, म्हणून आज गाड्या सुरक्षित धावतात.

आपल्या ध्वजाचेही असेच झाले आहे. त्याच्या रंगांचे अर्थ एका दिवसात ठरले नाहीत. ते बदलत गेले, आणि का बदलले यातच खरा इतिहास आहे.

लोकमान्यांच्या काळातील निशाणे

सार्वजनिक गणेशोत्सवाला ज्यांनी बळ दिले त्या लोकमान्य टिळकांच्या पुण्यातील केसरी वाड्यात एक जुने निशाण जतन केलेले आहे. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी फडकवलेले ते निशाण. इंदुलाल याज्ञिक यांनी ते गुपचूप भारतात आणले. त्यात हिरवा पट्टा वर, पिवळसर केशरी मध्ये आणि तांबडा खाली आहे. वरच्या पट्ट्यावर आठ कमळे, मधल्यावर 'वंदे मातरम्' आणि खालच्यावर सूर्य व चंद्रकोर.

पुढे १९१७ मध्ये टिळक आणि अॅनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचे निशाण आले. बेझंटबाईंची होमरूल लीग आपल्या मद्रासजवळच्या अड्यारहून चाले. त्या निशाणावर पाच तांबडे आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षींप्रमाणे सात तारे, एका कोपऱ्यात चंद्रकोर आणि दुसऱ्या कोपऱ्यात चक्क इंग्रजांचा युनियन जॅक होता. मागणी साम्राज्यातच राहून स्वराज्याची होती, म्हणून तो जॅक. सर्वांना आपले वाटावे म्हणून प्रत्येकाची एकेक खूण निशाणावर घालायची, ही त्या काळची पद्धत होती.

१९२१ : प्रत्येकाला एक रंग

मार्च-एप्रिल १९२१ मध्ये बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे काँग्रेस महासमितीची बैठक भरली. तेथे मच्छलीपट्टणम्‌कडील पिंगळी वेंकय्या यांनी गांधीजींना ध्वजाचा नमुना दाखवला. त्यात तांबडा आणि हिरवा असे दोनच रंग होते. जालंधरच्या लाला हंसराज यांनी चरखा सुचवला आणि गांधीजींनी पांढरा रंग घालायला सांगितला. त्याच एप्रिल महिन्यात 'यंग इंडिया'त त्यांनी अर्थही दिला. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्व धर्मांचा. त्या ध्वजात पांढरा वर होता, हिरवा मध्ये आणि तांबडा खाली.

म्हणजे घरात कानावर पडणारे ते दुसरे उत्तर कोणी हवेतून काढलेले नाही. १९२१ मध्ये गांधीजींनी खरोखरच हेच उत्तर दिले होते, फक्त केशरीच्या जागी तेव्हा तांबडा होता.

याच ध्वजासाठी १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह झाला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतून, म्हणजे सिव्हिल लाइन्समधून, झेंडा न्यायला बंदी होती. १ मे १९२३ पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली तुकडी जायची, पोलीस पकडायचे, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी तयार. बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. विनोबा भावेही तुरुंगात गेले. देशभरातून आलेले दीड हजारांवर स्वयंसेवक पकडले गेले. शेवटी १८ ऑगस्ट रोजी झेंड्याची मिरवणूक त्याच रस्त्याने गेली आणि पुढे कैदी सुटले. हुबळीहून आलेल्या तुकडीचे प्रमुख डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी त्याच वर्षाच्या शेवटी हिंदुस्थानी सेवा दल स्थापन केले. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

सात जणांची समिती

१९२१ च्या योजनेत एक अडचण होती. एकदा रंग जमातींना वाटले, की ज्यांना स्वतंत्र रंग मिळाला नाही ते विचारणारच, आमचा कोणता? शीख पुढाऱ्यांनी आपलाही रंग असावा अशी मागणी केली, आणि ती त्या योजनेच्या हिशेबाने चुकीची नव्हती. असे वाटप सुरू झाले की ध्वजाला पट्टे किती लावणार?

म्हणून एप्रिल १९३१ मध्ये कराचीला काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, डॉ. पट्टाभि सीतारामय्या, आणि त्यांच्याबरोबर दोन नावे आपल्या ओळखीची. साताऱ्यात जन्मलेले, मूळचे सावंतवाडीकडचे काकासाहेब कालेलकर आणि नुकतेच उल्लेखिलेले डॉ. हर्डीकर.

या समितीने दिलेली शिफारस आज वाचून आश्चर्य वाटते. ध्वज वेगळा ओळखू येणारा, देखणा आणि कोणत्याही जमातीशी न जोडलेला असावा, म्हणून तो संपूर्ण एकरंगी केशरी करावा आणि त्यावर तपकिरी तांबूस चरखा असावा, असे समितीने सांगितले. म्हणजे हिंदू, मुसलमान आणि शीख सभासद असलेल्या समितीने केशरी निवडला, तो कुणा एकाचा म्हणून नव्हे, कुणाचाच नाही म्हणून.

काँग्रेसने मात्र ही शिफारस स्वीकारली नाही. कारण समजण्यासारखे आहे. समितीच्या मनात काहीही असो, पाहणारा एकरंगी केशरीला कुणाचा तरी मानणारच. शिवाय ज्या तीन रंगांसाठी माणसे तुरुंगात गेली ते सोडवतील कसे? म्हणून ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत मधला मार्ग निघाला. पट्टे तीनच राहिले. तांबड्याच्या जागी केशरी आला आणि तो वर गेला, पांढरा मध्ये आला, हिरवा खाली गेला आणि पांढऱ्यावर निळा चरखा आला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या रंगांना जमातीचा अर्थ नाही, असे ठरावातच स्पष्ट केले गेले. केशरी धैर्य आणि त्यागासाठी, पांढरा शांती आणि सत्यासाठी, हिरवा श्रद्धा आणि शौर्यासाठी.

माझ्या मते आपल्या ध्वजाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे. नियमपुस्तकातला अर्थ बदलला. कोणाचा रंग काढून घेतला नाही, पण रंगावरची प्रत्येकाची मालकी काढून घेतली.

या नव्या ध्वजाला सहा महिनेही झाले नव्हते तोच तमिळनाडूने त्याची किंमत मोजली. जानेवारी १९३२ मध्ये तिरुप्पूरच्या मिरवणुकीत पोलिसांच्या लाठ्या डोक्यावर बसल्या, तरी कुमरन यांनी हातातला ध्वज सोडला नाही. त्या मारानेच ते गेले. इकडचा माणूस त्यांना आजही 'कोडि कात्त कुमरन्', म्हणजे झेंडा राखणारा कुमरन, म्हणून ओळखतो.

२२ जुलै १९४७

स्वातंत्र्याच्या तोंडावर घटना समितीने ध्वजासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि राजाजीही होते. राजाजी म्हणजे १९३० साली तिरुच्चीहून तंजावर, कुंभकोणम् मार्गे वेदारण्यम्‌ला मिठाचा सत्याग्रह नेणारे. वेदारण्यम् तेव्हा आपल्याच तंजावर जिल्ह्यात होते.

२२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी मांडलेला ठराव मंजूर झाला. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे समान पट्टे, पांढऱ्यावर गर्द निळे चक्र, आणि रुंदी-लांबीचे प्रमाण २:३. इंग्रजी ठरावात केशरी रंगासाठी 'केसरी' हा आपला शब्दही मुद्दाम घातलेला आहे. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र घेतले, पण ठराव म्हणतो की हे चक्र चरख्याचेच प्रतीक आहे. हा बदल करण्याचे नेहरूंनी दिलेले कारण कोणत्याही इंजिनिअरला पटेल. चरख्याच्या एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती. ध्वज उलट्या बाजूने पाहिला की चित्रही उलटे होते. चक्र दोन्हीकडून सारखेच दिसते.

त्या ठरावाच्या मजकुरात रंगांचा अर्थ कोठेच दिलेला नाही. तो त्याच दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी भाषणात सांगितला. केशरी म्हणजे निःस्वार्थ वृत्ती, पुढाऱ्यांनी स्वतःच्या लाभाकडे पाहू नये. पांढरा म्हणजे सत्याचा मार्ग दाखवणारा प्रकाश. हिरवा म्हणजे मातीशी आणि तिच्यावर उगवणाऱ्या हिरवाईशी आपले नाते. कावेरीच्या भाताच्या शेतांत राहणाऱ्या आपल्याला हा शेवटचा अर्थ समजावून सांगायला नको. नेहरूंनीही याच चर्चेत सांगितले की ध्वजाच्या रंगांना जमातीचा अर्थ जोडलेला नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर फडकलेला रेशमी ध्वज किल्ल्यातील संग्रहालयात ठेवला आहे. तो १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद आहे. ठरावाशी ताडून पाहा, प्रमाण बरोबर येते.

मानक क्रमांक एक

स्वतंत्र भारताने वस्तूंची मानके ठरवायला घेतली तेव्हा पहिला क्रमांक कशाला मिळाला असेल? सिमेंटला नाही, पोलादाला नाही. भारतीय मानक क्रमांक १ आहे आपला राष्ट्रध्वज, वर्ष १९५१. त्यात ध्वजाचे नऊ आकार दिले आहेत. सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० × १०० मिलिमीटर. मोठ्या ध्वजाचा पांढरा पट्टा १४०० मिलिमीटरचा होतो आणि चक्राचा व्यास १२९५. चक्राला आरे २४. रंगांच्या छटाही नुसत्या नावाने न देता आकड्यांत बांधल्या आहेत, म्हणजे 'माझा केशरी असा आणि तुझा तसा' असा वाद नको. खादीचे प्रमाणित ध्वज शिवण्याचे मोठे काम आज हुबळीजवळ बेंगेरी येथे चालते. ज्या गावचे हर्डीकर रंग ठरवणाऱ्या समितीत बसले, त्याच गावाकडून ध्वज देशभर जातात.

मग आपला भगवा?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. भोसल्यांचा भगवा हा आपला वारसा आहे आणि त्याचा अभिमान असलाच पाहिजे. पण तो वेगळा ध्वज आहे, त्याचा इतिहास वेगळा आहे. तिरंग्यातला केशरी तिथून थेट आलेला नाही. तो १९३१ साली सर्वांसाठी म्हणून निवडला गेला. त्याच्यावर आपण नाव घालायला गेलो, तर हिरव्यावर दुसऱ्याने नाव घातले म्हणून तक्रार करता येणार नाही.

आणि भगव्याच्या राजांनी तरी काय केले? आपल्या ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्रम् पाहा. दुसऱ्या सरफोजी राजांनी ते बांधले. रामेश्वराच्या वाटेवरच्या अशा छत्रांत सर्व जातींच्या आणि पंथांच्या वाटसरूंना अन्न मिळे, असे त्यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. छत्र राजाचे, पण पान येईल त्याचे. तिरंग्यातल्या केशरीकडे मी तसेच पाहतो.

शेवटी मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वज शोभेचे तोरण म्हणून किंवा सजावटीसाठी वापरता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचे आणि यंत्रावरचे ध्वजही चालतात, पण हा नियम कायम आहे. मांडवाला पताका लावा, फुले लावा, तिरंगा मात्र त्याच्या मानाच्या जागीच फडकू द्या. आणि मुलांनी रंगांचा अर्थ विचारला तर कोणता रंग कुणाचा हे सांगू नका. तिन्ही रंग सगळ्यांचे आहेत, एवढे सांगितले तरी पुरे.

गणपती बाप्पा मोरया!