सरकारी, धर्मादाय, खासगी : भारतातली रुग्णालयं आणि आपले हक्क

घरात कुणी अचानक आजारी पडलं की आपण पहिल्यांदा कुठे धावतो? बहुतेक वेळा जवळच्या खासगी दवाखान्यात. तिथून मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मिळते, डिपॉझिट मागितलं जातं, दागिने गहाण पडतात आणि दोन दिवसांनी मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मदतीची अपील येते. लोक देतातही. रमजानमध्ये जकातचा मोठा हिस्सा अशा बिलांवर जातो. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: या रुग्णाला जे कायद्याने मोफत मिळायला हवं होतं, ते आपण मागितलं का?

देशभर रुग्णालयांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत: सरकारी, धर्मादाय म्हणजे ट्रस्टची, आणि खासगी. तिन्हींचे नियम वेगळे, खर्च वेगळा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत बाळंतपण सोडून एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये, तर खासगीत सुमारे ३१,८५० रुपये निघाला. म्हणजे सात पट फरक. तरीही दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त रुग्ण खासगीत गेले होते.

सरकारी रुग्णालयांची उतरंड

आजच्या सरकारी आरोग्यसेवेचा पाया १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आहे. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारापासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्या अहवालाने मांडलं. त्यातून पुढे ही रचना उभी राहिली:

• उपकेंद्र : साधारण ५,००० लोकवस्तीमागे एक. लसीकरण, गरोदर बाईची तपासणी.
• प्राथमिक आरोग्य केंद्र : साधारण ३०,००० लोकवस्तीमागे एक. इथे एमबीबीएस डॉक्टर असतो. डोंगरी आणि आदिवासी भागात हे दोन्ही आकडे कमी आहेत.
• ग्रामीण रुग्णालय : साधारण ३० खाटा. त्यावर उपजिल्हा रुग्णालय, ५० किंवा १०० खाटांचं.
• जिल्हा रुग्णालय : लोकांच्या बोलण्यातलं ‘सिव्हिल’. शस्त्रक्रिया, नवजात बाळांचा कक्ष, आणि २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बऱ्याच ठिकाणी डायलिसिस.
• वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय : सगळ्यात वरची पायरी. जिल्ह्यात जे होत नाही ते इथे पाठवतात.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे आहेत आणि महापालिकेची रुग्णालयं महापालिकेकडे. तिथे थोडं शुल्क लागू शकतं. हा फरक माहीत नसला की काउंटरवर उगाच वाद होतो.

बाळंतपणाबद्दल नियम अगदी स्पष्ट आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, जाण्या-येण्याची गाडी, सगळं मोफत आहे. आजारी नवजात बाळालाही हे लागू आहे. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी माहेरचे लोक कर्ज काढून खासगीत नेतात, त्यांनी निदान ही सोय आधी बघून तरी यावी.

मोठी नावं, जुना इतिहास

मुंबईचं जे. जे. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलं. ते राज्य सरकारचं आहे. नायर १९२१ चं, परळचं केईएम १९२६ चं, सायन १९४७ चं. ही तिन्ही महापालिकेची. पुण्याचं ससून १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या दानातून झालं. छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’ मराठवाड्याचा आधार आहे. नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ आहेतच, आता एम्सही आहे. दक्षिण महाराष्ट्राला मिरजेचं नाव सांगावं लागत नाही. तिथलं वॉनलेस हे मिशनचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं आहे.

शेजारच्या राज्यांतही आपली माणसं जातात. सिंधुदुर्गातून गोव्याच्या बांबोळीला, नांदेड-परभणीकडून हैदराबादला. हैदराबादचं उस्मानिया हे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचं जनरल हॉस्पिटल, आणि शहजादी निलोफर यांच्या नावाचं निलोफर हे लहान मुलांसाठी प्रसिद्ध. दोन्ही सरकारी आहेत. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ही वाट जुनीच आहे.

गंभीर आजारासाठी देशपातळीवरच्या सरकारी संस्था आहेत: दिल्लीचं एम्स, १९५६ पासून, चंदीगडचं पीजीआय, मानसिक आणि मेंदूच्या आजारांसाठी बेंगळुरूचं निम्हान्स, कॅन्सरसाठी परळचं टाटा मेमोरियल. टाटा १९४१ मध्ये टाटांच्या ट्रस्टने सुरू केलं. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे नाव नोंदवताना ‘जनरल’ आणि ‘प्रायव्हेट’ असे वर्ग असतात. डॉक्टर तेच असतात, बिलात मात्र मोठा फरक पडतो. आता वाराणसी, गुवाहाटी, विशाखापट्टणम इथेही टाटाची केंद्रं आहेत. त्यामुळे उत्तर प्रदेशातल्या नातेवाइकांना प्रत्येक वेळी मुंबईला बोलावण्याची गरज उरलेली नाही.

धर्मादाय रुग्णालय : ज्याबद्दल सगळ्यात कमी माहिती आहे

काही मोठी, चकचकीत हॉस्पिटलं आपण खासगी समजतो. पण त्यांतली बरीच सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली असतात. मुंबईत लीलावती, हिंदुजा, जसलोक, ब्रीच कँडी, बॉम्बे हॉस्पिटल, बोहरा समाजाचं सैफी. पुण्यात रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर. राज्यभरात अशी चारशेहून जास्त रुग्णालयं आहेत. ट्रस्ट म्हणून त्यांना सवलती मिळतात आणि त्या बदल्यात कायद्याने जबाबदारीही येते.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम ४१ कक आहे. त्यावर आधारलेली योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केली. तिचा गाभा असा:

• १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, पूर्ण मोफत.
• आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात.
• प्रत्येक रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त वेगळी ठेवायची आणि ती याच रुग्णांवर खर्च करायची.
• तातडीचा रुग्ण आला तर डिपॉझिट न मागता दाखल करून त्याची तब्येत स्थिर होईपर्यंत उपचार करायचे.

उत्पन्नाची मर्यादा २०१८ मध्ये वाढली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. म्हणजे रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, छोट्या दुकानातले नोकर यांच्यातले बहुतेक जण या दोनपैकी एका गटात येतात. दुर्बल घटकाला औषधं आणि इम्प्लांटचा निम्मा तरी खर्च स्वतः करावा लागतो, हे आधीच समजून घ्यावं.

कागद काय लागतात? तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, किंवा रेशन कार्ड, किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड. जून महिन्यात मुलांच्या स्कॉलरशिपसाठी पालक सेतू केंद्रातून जो उत्पन्नाचा दाखला काढतात, तो तहसीलदाराचाच असतो. शाळेत दिल्यावर त्याची प्रत घरी ठेवत जा, हे मी पालकांना दरवर्षी सांगते. फक्त त्याची मुदत बघा.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर साध्या काउंटरवर न विचारता वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. ‘मला धर्मादाय योजनेतून अर्ज करायचा आहे’ असं स्पष्ट म्हणा. ‘खाटा भरल्या आहेत’ असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. नकार कायम राहिला तर तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करता येते. मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणीही त्यांची कार्यालयं असतात.

दिल्लीतही असाच एक नियम आहे. ज्या खासगी रुग्णालयांनी सरकारकडून सवलतीत जमीन घेतली, त्यांना ओपीडीत २५ टक्के आणि दाखल रुग्णांत १० टक्के गरिबांवर मोफत उपचार करावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम केला.

खासगी रुग्णालय : इथेही नियम आहेत

चेन्नईचं अपोलो १९८३ चं. तिथून भारतात कंपनी म्हणून चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांचा काळ सुरू झाला. पण लोक रोज जातात ते दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये. महाराष्ट्रात त्यांना १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा झाली. रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक झालं. पुढच्या वेळी गेलात की भिंतीकडे जरूर बघा.

खासगीतही मोफत उपचार होऊ शकतात, ते योजनेतून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेसोबत चालते. २०२३ च्या निर्णयानुसार महाराष्ट्रातल्या सर्व रेशन कार्डधारक कुटुंबांना, पांढरं कार्ड असलं तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. घरातल्या दादा-दादी, नाना-नानींचं कार्ड आजच काढा.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, योजनेतलं प्रत्येक हॉस्पिटल प्रत्येक आजारासाठी नसतं. एखाद्याला हाडांसाठी मान्यता असते, हृदयासाठी नसते. दोन, दाखल होण्यापूर्वी तिथल्या ‘आरोग्यमित्रा’ला भेटा. आधी रोख भरून नंतर योजना मागितली तर पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

कोर्टाने काय सांगितलं आहे

१९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघातग्रस्ताचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. पोलिसांची वाट बघायची नाही.

दुसरा खटला हकीम शेख या बंगालमधल्या शेतमजुराचा. १९९२ मध्ये ते रेल्वेतून पडले, डोक्याला जबर मार लागला. खाट नाही, सोय नाही असं म्हणत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यांना परत पाठवलं. शेवटी खासगीत उपचार घ्यावे लागले. त्यांच्या संघटनेने दाद मागितली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. राज्याने त्यांना २५ हजार रुपये भरपाई द्यावी असा आदेश झाला. एका मजुराच्या नावावर मिळालेला हा हक्क आज आपल्या सगळ्यांचा आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या मसुद्यावरून तयार झालेल्या रुग्ण हक्क सनदेतल्या काही गोष्टी पाठ असाव्यात:

• आजार, उपचार आणि अंदाजे खर्च समजेल अशा भाषेत सांगायला हवा.
• केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती मागता येतात. डिस्चार्जनंतर ७२ तासांत मिळायला हव्यात.
• पुरुष डॉक्टर बाईला तपासत असेल तेव्हा दुसरी स्त्री तिथे हजर असण्याचा हक्क आहे. पर्द्यामुळे डॉक्टरकडे जायचं टाळणाऱ्या आपल्या बहिणींना हे जरूर सांगा.
• औषधं आणि तपासण्या बाहेर कुठेही करून घेता येतात, हॉस्पिटलच्याच दुकानातून घेण्याची सक्ती नाही.
• बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला किंवा मय्यतला अडवून ठेवता येत नाही.

आजच तयार ठेवायची फाइल

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि जुने रिपोर्ट, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्ससह ठेवा. आपल्याकडे नेहमी अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. एकीकडे ‘शेख’, दुसरीकडे ‘शेक’. आधारवर ‘मोहम्मद’ आणि रेशनवर ‘मो.’, लग्नानंतर बदललेलं नाव आणि जुनं आडनाव. हे दुरुस्त करायला आठवडे लागतात आणि आयसीयूच्या दारात तेवढा वेळ नसतो. तब्येत ठीक असतानाच ही कामं उरकून घ्या.

मशिदीच्या जमातीने किंवा मोहल्ला कमिटीने दोन-चार शिकलेल्या मुला-मुलींना हे नियम समजावून त्यांचे नंबर नोटीस बोर्डावर लावले तरी बऱ्याच घरांचं कर्ज टळेल. अपील आली की आधी तीन प्रश्न विचारा: हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का? योजनेत हा आजार बसतो का? जवळच्या सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन होतं का? यानंतरही जे बिल उरेल त्यासाठी जकात आहेच. मग ती खऱ्या गरजेला पुरेल.

फोन नंबर

रुग्णवाहिका : १०८
गरोदर माता आणि बाळासाठी गाडी : १०२
महात्मा फुले जन आरोग्य योजना : १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००
आयुष्मान भारत : १४५५५