स्फटिकातल्या पट्ट्यांची कुळकथा

यान चोक्रालस्की या पोलिश धातुशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये बर्लिनला वितळलेल्या धातूतून एकसंध स्फटिकाची तार वर ओढून दाखवली. १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेत गॉर्डन टील आणि जॉन लिटल यांनी त्याच रीतीने जर्मेनियमचे स्फटिक ओढले. पाठोपाठ सिलिकॉनची पाळी आली. मुशीतल्या रसाला बीजस्फटिक टेकवायचा आणि फिरवत फिरवत सावकाश वर घ्यायचा, ही कृती आजही तीच आहे.

असा स्फटिक उभा चिरून, घासून, आम्लात बुडवला की झाडाच्या वर्षवलयांसारखे पट्टे उमटत. फिरण्यामुळे पडणारे पट्टे नियमित असत. त्यांत मिसळलेल्या वेड्यावाकड्या पट्ट्यांनी मात्र छळ मांडला होता. त्यांचे मूळ गुरुत्वाकर्षणात आहे. तापलेला रस हलका होऊन वर येतो, निवलेला जड होऊन खाली बसतो. ही घुसळण जोरात असली की स्फटिकाच्या कडेशी तापमान सतत वरखाली होते, वाढीचा वेग बदलतो आणि मुद्दाम घातलेले परके अणू कुठे जास्त, कुठे कमी शिरतात.

१९६६ मध्ये एमआयटीत अटेक आणि फ्लेमिंग्ज यांनी टेल्युरियम मिसळलेले इंडियम अँटिमोनाइड चुंबकीय क्षेत्रात गोठवले आणि पट्टे नाहीसे झाले. रस वीजवाहक असल्याने त्याच्या हालचालीला चुंबक लगाम घालतो. चुंबकाने घुसळण थांबते हे कळले, पण गुरुत्वाकर्षणच जवळजवळ नसेल तर काय, हे प्रत्यक्ष पाहणे बाकी होते.

ती संधी स्कायलॅब या अवकाशस्थानकाने दिली. एमआयटीच्याच विट आणि गाटोस यांचा तो प्रयोग मला फार देखणा वाटतो. पदार्थ तोच. जमिनीवर वाढवलेल्या कांड्या वर नेल्या, प्रत्येकीचा काही भाग वितळवला आणि पुन्हा गोठू दिला. परत आल्यावर चिरून पाहिले, तर एकाच कांडीत पृथ्वीवरचा भाग पट्टेरी आणि अवकाशातला स्वच्छ! दुसऱ्या कुठल्या नमुन्याशी तुलना करायची गरजच उरली नाही.

पण १९८३ मध्ये स्पेसलॅब या अवकाशातल्या प्रयोगशाळेत फ्रायबुर्गच्या नित्शे यांच्या गटाने मुशीशिवाय, तरंगत्या रसातून सिलिकॉन वाढवले, तेव्हा पट्टे पुन्हा दिसले. तिथे रसाचा पृष्ठभाग उघडा होता. गरम आणि थंड जागांच्या पृष्ठताणातल्या फरकानेच रस वाहत होता, आणि त्या प्रवाहाला वजनाची गरज नव्हती.

कारखान्यांनी चुंबकाची वाट धरली. १९८० मध्ये सोनीच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या मुशीभोवती चुंबकीय क्षेत्र उभारून स्फटिक ओढल्याचे जाहीर केले. आज मोठ्या व्यासाचे स्फटिक ओढताना ही पद्धत सर्रास वापरतात.