कोकालिय सुत्तातील एक संख्या : ५१,२०० कोटी

त्रिपिटकातील मोठ्या संख्या म्हणजे केवळ काव्यालंकार, असे मानून त्या सोडून देण्याचा प्रघात आहे. सुत्तनिपाताच्या महावग्गातील कोकालिय सुत्ताची एक गाथा मात्र या प्रघाताचा फेरविचार करावयास लावते.

सारिपुत्त व मोग्गल्लान या अग्रश्रावकांवर मिथ्या आरोप करणारा भिक्खू कोकालिय मरणानंतर पदुम निरयात गेला, असे सुत्त सांगते. तेथील आयुर्मान सांगताना भगवंतांनी उपमा दिली आहे. वीस खारी तीळ भरलेल्या कोसल देशातील गाडीतून दर शंभर वर्षांनी एक तीळ काढला, तर गाडी रिती होईल. पण एक अब्बुद संपणार नाही. वीस अब्बुदांचा एक निरब्बुद, अशा वीस-वीस पटींनी पुढे पदुमापर्यंत एकूण दहा नावे येतात. वीस मणांची खंडी मोजलेल्या हिंगोली जिल्ह्यातील जुन्या शेतकऱ्यास हा विसांचा हिशेब परका वाटणार नाही.

नावे दहा, म्हणजे पायऱ्या नऊ. एका अब्बुदास तिळांची एक गाडी धरली, तर पदुमास २० चा नववा घात, म्हणजे ५,१२,००,००,००,००० गाड्या होतात. सुत्ताच्या अखेरीस येणारी गाथा सांगते की, जाणकारांनी मोजलेल्या या गाड्या पाच नहुत कोटी आणि आणखी बाराशे कोटी आहेत. नहुत म्हणजे दहा हजार. ५०,००० कोटी अधिक १,२०० कोटी, म्हणजे बरोबर ५१,२०० कोटी. एका गाडीचाही फरक नाही.

ही बारा अंकी संख्या आपली घडण लपवीत नाही. तिचे मूळ अवयव दोनच : २ हा अठरा वेळा आणि ५ हा नऊ वेळा. नऊ पायऱ्यांचे तीन-तीनांचे तीन गट पडतात, म्हणून ती ८,००० चा पूर्ण घन आहे. पायऱ्या विषम असल्याने ती पूर्ण वर्ग मात्र नाही. अशी संख्या अंदाजाने हाती लागत नाही. ती गुणाकारानेच मिळते.

येथे शब्दार्थाचाही निर्णय होतो. कच्चायन व्याकरणाच्या परंपरेत नहुत म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. तो अर्थ येथे घेतल्यास पुढील बाराशे कोटींना काहीच प्रयोजन उरत नाही. विनयपिटकात बिंबिसाराबरोबर आलेल्या बारा नहुत मगधवासीयांच्या प्रसंगीही अट्ठकथा नहुताचा अर्थ दहा हजार असाच देते.

तथापि, हिशेब जुळला म्हणून गाथा बुद्धवचन ठरत नाही. शेवटच्या दोन गाथा प्राचीन महाअट्ठकथेच्या पाठात नव्हत्या, असे सुत्तनिपाताची अट्ठकथाच नमूद करते. आणि ही गाथा त्या दोहोंपैकी आहे. भगवंतांची उपमा ऐकून कोणा गणनाकुशल भिक्खूने हा गुणाकार केला असावा, असे आमचे मत आहे. पूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धिसंगतीची कसोटी दिली. ती कसोटी निरयाच्या भयाने डोळे मिटू देत नाही, आणि अतिशयोक्ती म्हणून ग्रंथ मिटूही देत नाही. ती मोजून पाहावयास सांगते.