‘नाइस’ शब्दाची कुळकथा

इंग्रजीतील ‘नाइस’ हे विशेषण आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. चहा नाइस, हवा नाइस, मनुष्यही नाइस! परंतु सहाशे वर्षांपूर्वी लंडनच्या एखाद्या गृहस्थास आपण ‘नाइस’ म्हटले असते, तर तो हमरीतुमरीवर आला असता. कारण तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता.

मूळ शब्द लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे न जाणणारा. आपल्या ‘अज्ञ’ शब्दाची घडण अशीच आहे. फ्रेंचमधून तो सुमारे १३०० साली इंग्रजीत आला, तो मूर्ख म्हणूनच. पुढे मूर्खाचा नखरेल झाला, नखरेलाचा चोखंदळ आणि चोखंदळाचा काटेकोर. ‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या कादंबरीत जेन ऑस्टिनने या सैल वापराची थट्टाही केली आहे.

हा नुसता शब्दविनोद नव्हे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएटचे मरण खोटे असल्याचे कळविणारे पत्र रोमिओपर्यंत पोचतच नाही. ते ऐकून पत्र धाडणारा साधू म्हणतो, की ते पत्र ‘नाइस’ नव्हते. आजच्या वाचकास वाटावे, मजकूर बरा नसेल! वास्तविक त्याला म्हणावयाचे आहे, की ते क्षुल्लक नव्हते. दोन जीव त्यावर अवलंबून होते.

अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतोच. जुना ग्रंथ वाचताना ओळखीच्या शब्दासाठीही तो उघडावा.