शिक्कामोर्तब झालेली बंदूक

१८५७ म्हटलं की आपल्याला काडतूस आठवतं, बंदुकीचं नाव क्वचितच. ती होती 'पॅटर्न १८५३ एन्फिल्ड'. यातला 'पॅटर्न' म्हणजे नमुना. ब्रिटिश लष्करात कोट असो, बूट असो वा बंदूक, आधी एक नग मंजूर व्हायचा, त्यावर लाखेचा शिक्का लागायचा आणि तो कुलपात जायचा. कंत्राटदाराचा माल त्या नगाशी ताडून पाहायचा. आजच्या कारखान्यांत 'गोल्डन सॅम्पल' म्हणतात, ते हेच.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. मराठी राजपत्रांत वर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब असायचं, म्हणजे खाली कुणी गुपचूप ओळ वाढवू नये. 'शिक्कामोर्तब' हा शब्द तिथलाच.

पण नमुन्याची एक अडचण असते. वस्तू कशी हवी हे तो दाखवतो. किती फरक चालेल, हे सांगत नाही. बर्मिंगहॅमचे कारागीर नळी, चाप, दस्ता वेगवेगळ्या कार्यशाळांत बनवत आणि कानशीने घासून एकमेकांत बसवत. बंदूक नमुन्यासारखी दिसायची, पण एकीचा भाग दुसरीत बसेलच असं नाही. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५० च्या दशकात अमेरिकी यंत्रं आणि मोजमापाची गेजं आली, तेव्हा हे सुटलं. आता नुसत्या नजरेवर विसंबायची गरज नव्हती.

नजर आणि गेज दोन्ही जिथे पोचत नाहीत, अशीही एक गोष्ट होती: काडतुसाच्या कागदाला लावलेली चरबी.

१८५३ मध्ये या काडतुसांचे नमुने इंग्लंडहून भारतात चाचणीसाठी आले. इथल्या उन्हात ते वंगण टिकतं का, एवढंच पाहायचं होतं. काडतुसं शिपायांच्या पिशव्यांत ठेवून तपासली गेली. बंगाल सैन्याचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी त्याच वर्षी लेखी इशारा दिला: वंगणात धर्माला बाधणारं काही नाही याची खात्री होईपर्यंत ती देशी पलटणींना देऊ नयेत. पत्र मिलिटरी बोर्डाकडे गेलं. त्यावर काही झालं नाही.

मला यात सगळ्यात खटकते ती चाचणीची प्रश्नपत्रिका. काडतूस दातांनी फाडावं लागे. म्हणजे वंगण शिपायाच्या तोंडाशी जाणार, हे कवायत ठरवणाऱ्यांना ठाऊक होतं. तरी तपासलं ते फक्त उष्णतेचं. पुढे फोर्ट विल्यमच्या शस्त्रागारात काडतुसं बनू लागली, तेव्हाही चरबी कोणत्या प्राण्याची, याची खास खबरदारी कुणी घेतली नाही.

जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. सरकारने घाईने सांगितलं, वंगण तुमचं तुम्ही लावा. तोवर शिपायांना कागदाच्या चकाकीचाही संशय येऊ लागला होता. २९ मार्चला बराकपूरमध्ये मंगल पांडेने बंदूक उचलली.